टेबलावरचे मॉनिटर आणि खोलीतला खर्ज

काळी एकच्या तंबोऱ्यावर खर्जाची तार छेडली की तिचा मूळ सूर साधारण ६९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांचा असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे त्या सुराची एक लाट जवळजवळ ५ मीटर लांब. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम बहुतेकदा दहा बाय बारा फुटांची. ती लाट त्या खोलीत पुरती मावतही नाही. कॉम्प्युटरच्या टेबलावर नीट गाणं ऐकायचं म्हणून कुणी स्पीकर घ्यायला निघालं, की मी मॉडेलचं नाव सांगण्याआधी खोलीचं माप विचारते, ते यासाठी. वरचे सूर स्पीकर सांभाळतो, मधले टेबल बिघडवतं आणि खालचे सूर खोलीच्या मर्जीवर असतात.

तंबोरा मात्र स्पीकरच्या परीक्षेला उपयोगाचा नाही. पाच इंची स्पीकरवरही खर्ज ऐकू येतो, कारण जवारीमुळे, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या रुंद घोडीला ती हलकेच घासत राहिल्यामुळे, त्या तारेतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपसूर भरभरून निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या सुमारास तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास करून दाखवलं होतं, की छेडण्याच्या जागेमुळे जे उपसूर उमटायलाच नकोत तेही या घोडीवर उमटतात. १३८, २०८, २७७ हर्ट्झ असे सूर कानावर आले की त्यांच्यातलं ६९चं अंतर मेंदू ओळखतो आणि स्पीकरमधून न आलेला खर्ज स्वतःच भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतीत ही सोय फारशी नाही. त्याचा घुमारा बराचसा मूळ सुरातच असतो. तळहाताची कड सरकवून काढलेली मींड खाली उतरताना पोकळ होत गेली, तर स्पीकर तिथे थकला असं खुशाल समजावं. म्हणून स्पीकर ऐकायला जाताना एकल तबलावादनाचं चांगलं रेकॉर्डिंग सोबत न्यावं.

स्टुडिओ मॉनिटर म्हणजे रेकॉर्डिंग तपासायला बनवलेला स्पीकर. आजच्या बहुतेक मॉनिटरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, आणि बहुतेक मॉडेलांत वूफरला (खालचे सूर काढणाऱ्या भागाला) एक, ट्वीटरला (वरचे सूर काढणाऱ्या भागाला) दुसरा. टेबलावरचा मॉनिटर हातभर अंतरावरून ऐकण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून टेबलाला सोयीचा. पण ‘स्टुडिओ’ या शिक्क्यावर मी विसंबणार नाही. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ साली घरगुती वापरासाठी आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. त्याचे मधले सूर पुढे आलेले होते आणि खर्ज तोकडा होता. उणिवा उघड्या पाडायला तो उत्तम, पण संध्याकाळी निवांत बसून ऐकायचा तो स्पीकर नव्हे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांना ऐकवले. समोरून सपाट (कुठलाही सूर न फुगवणारा, न दाबणारा) आणि बाजूंनाही गुळगुळीत उतरणारा आवाज असलेले स्पीकर लोकांना बहुतेक वेळा जास्त आवडले. तेव्हा ज्या मॉडेलचे मोजमापाचे आलेख उपलब्ध आहेत, त्यांना आधी पसंती द्यावी.

आकडे वाचताना एक बारकावा लक्षात ठेवायचा. यामाहा एचएस५च्या माहितीपत्रकात ५४ हर्ट्झपासून आवाज मिळतो असं दिसतं, पण तो आकडा आवाज १० डेसिबल पडल्यावरचा आहे. १० डेसिबलची घट म्हणजे कानाला जवळपास निम्मा आवाज. ३ डेसिबलची घट धरली तर त्याच स्पीकरची खालची मर्यादा ७४ हर्ट्झ आहे. हे यामाहाने स्वच्छ छापलं आहे, सगळेच छापत नाहीत. पुढे डेसिबल न लिहिलेला नुसता हर्ट्झचा आकडा असेल तर त्याच्यावर पैसे मोजू नयेत.

आता टेबल. समजा ट्वीटर टेबलापासून २० सेंटीमीटर उंच आहे, तुमचे कान ३५ सेंटीमीटर उंच आणि दोघांत ८० सेंटीमीटर अंतर. थेट येणारा आवाज ८१ सेंटीमीटर प्रवास करतो, टेबलावर आपटून येणारा ९७. या १६ सेंटीमीटरच्या फरकामुळे ११०० हर्ट्झच्या आसपासचा सूर अर्धी लाट मागे पडून पोचतो आणि थेट सुराला खातो. ऐन गळ्याच्या आवाजातला हा खड्डा आहे. गाणारा डब्यात बसून गातोय असं वाटतं ते अनेकदा यामुळे, आणि दोष स्पीकरच्या माथी जातो. ही परावर्तनाची जागा शोधायला आरसा पुरतो. नेहमीच्या जागी बसायचं आणि दुसऱ्याला टेबलावर आरसा आडवा सरकवायला सांगायचं. जिथे आरशात ट्वीटर दिसला तिथूनच आवाज उसळतोय. वरच्या मापांत ती जागा स्पीकरच्या पुढे २९ सेंटीमीटरवर येते. स्पीकर स्टँडवर कानाच्या उंचीला नेला तर ती सरकून ४० सेंटीमीटरवर जाते. टेबलाची कड त्याच्या आधीच संपत असेल, तर परावर्तनाला पृष्ठभागच उरत नाही. म्हणून स्पीकर उंच आणि शक्य तितका पुढच्या कडेकडे, आणि दोन्ही स्पीकर व डोकं मिळून समभुज त्रिकोण. स्टँडवरचा हा खर्च महागड्या केबलपेक्षा कितीतरी पटीने कानाला जाणवतो.

मागच्या भिंतीचं गणितही असंच. वूफरच्या कोनपासून, म्हणजे हलणाऱ्या शंकूपासून, भिंत ६० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट १४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर खाते. स्पीकर भिंतीला जवळजवळ टेकवला, कोनपासून अंतर ३० सेंटीमीटर केलं, तर तो खड्डा २८५च्या आसपास सरकतो. तिथे स्पीकर आवाज पुढेच जास्त फेकत असल्यामुळे खड्डा उथळ होतो. भिंतीजवळ ठेवल्याने खालचे सूर फुगतात, पण त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर बहुधा खालचे सूर कमी करणारा एक छोटा स्विच दिलेला असतो. तो वापरावा. पोर्ट (पेटीतली हवा ये-जा करण्याचं भोक) मागे असेल तर काही सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी.

मग वूफर पाच इंची घ्यावा की आठ इंची? एक सप्तक खाली उतरलं, म्हणजे कंपनं निम्मी झाली, की तेवढाच आवाज राखायला कोनला चौपट हवा ढकलावी लागते. १६० हर्ट्झवर सहज बोलणाऱ्या वूफरला ४० हर्ट्झवर सोळापट हवा हलवायची असते. म्हणून मोठा वूफर मोहवतो. पण हातभर अंतरावर आठ इंची पेट्या टेबल व्यापतात, आणि इतक्या जवळून वूफर-ट्वीटरचे आवाज पुरते एकजीव होत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: पाच किंवा साडेसहा इंची मॉनिटर आणि नंतर, सवडीने, एक सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांची वेगळी पेटी.

सबवूफरला लोक दणक्याचं यंत्र समजतात. त्याचा खरा फायदा वेगळाच. गायक समोर, तबला किंचित बाजूला असं चित्र उभं राहायचं तर स्पीकर त्रिकोणात टेबलावरच हवेत. खर्जासाठी मात्र ती जागा योग्य असेलच असं नाही, आणि दोन्ही कामं एकाच पेटीकडे असतील तर कुठेतरी माघार घ्यावी लागते. ८० हर्ट्झच्या खालचा सूर कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही. म्हणून तेवढा भाग वेगळ्या पेटीत काढून ती खोलीला मानवेल तिथे ठेवता येते.

खोलीला काय मानवतं? दहा बाय बाराच्या खोलीत लांबीच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला आणि रुंदीच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला लाट अडकून घुमते. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. ती वाजली की कपाटाची दारं थरथरतात, आणि शेजारचा सूर गायब. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती हा खर्ज जवळजवळ सगळाच परत फेकतात. परदेशातल्या लाकडी सांगाड्यावरच्या पोकळ भिंती थोडा गिळतात, म्हणून तिकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भिंतींपाशी हा घुमारा सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत कमी, त्यामुळे खुर्ची नेमकी मध्यावर ठेवू नये.

सबवूफरची जागा शोधायची एक सुंदर पद्धत आहे. सबवूफर थेट आपल्या खुर्चीवर ठेवायचा, ज्यात बेसचे सूर पायरीपायरीने चढ-उतार करतात असं गाणं लावायचं आणि गुडघ्यांवर बसून भिंतींच्या कडेने फिरायचं. जिथे सगळे खालचे सूर सारख्या वजनाने ऐकू येतील, तिथे सबवूफर न्यायचा आणि आपण खुर्चीवर बसायचं. हे चालतं कारण ध्वनीचा उगम आणि श्रोता यांच्या जागा बदलल्या तरी त्यांच्यामधलं नातं तेच राहतं. हेल्महोल्ट्झ आणि रॅले या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच हा परस्परतेचा नियम मांडला. टेबलाखालची जागाही आजमावून बघावी. पेटी जवळ असली की तिचा थेट आवाज खोलीच्या घुमाऱ्यावर मात करतो.

जोडणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. सिग्नल आधी सबवूफरमध्ये आणि तिथून मॉनिटरकडे जावा, म्हणजे मॉनिटरवरचा ८० हर्ट्झखालचा भार उतरतो. कोन कमी हलतो आणि गळाही मोकळा लागतो. ही सोय सगळ्या सबवूफरमध्ये नसते, घेण्याआधी पाठीमागची जॅकची पट्टी नीट पाहावी. दुसरी गोष्ट फेजची, म्हणजे दोन्ही पेट्यांच्या लाटा एका पावलावर येण्याची. ८० हर्ट्झची अर्धी लाट २.१ मीटर असते. सबवूफर मॉनिटरपेक्षा तेवढा लांब असला की दोघं एकमेकांना मारतात. ८० हर्ट्झचा सलग सूर लावून फेजचा स्विच ० आणि १८०वर फिरवावा. ज्या बाजूला सूर भरदार, ती बाजू बरोबर.

सबवूफरचा आवाज किती? कान हजार हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाही टिपतो, ५० हर्ट्झचा जेमतेम ऐकू यायला सुमारे ४४ डेसिबल लागतात. म्हणून रात्री हळू आवाजात गाणं पातळ वाटतं आणि सबवूफर वाढवावासा वाटतो. जरूर वाढवावा, थोडासा, आणि दिवसा परत कमी करावा. खालच्या मजल्यावरच्यांसाठी पेटीखाली जाड रबर हवंच. स्लॅबमधून जाणारी थरथर त्याने कमी होते, हवेतून जाणारा खर्ज मात्र नाही.

दुकानात दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून मागावा, कारण डेसिबलभर मोठा वाजणारा कानाला ‘चांगला’ वाटतो. किंमत एका नगाची आहे की जोडीची ते विचारावं, मॉनिटर अनेकदा सुटे विकले जातात. आणि काही न वाजवता ट्वीटरजवळ कान नेऊन सळसळ ऐकावी. हातभर अंतरावर रात्री ती छळते.

शेवटी राहतो इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर तेवढे कमी-जास्त करायची सोय. आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि मापनाचा मायक्रोफोन घेतला तर आपल्या खुर्चीवरचा आलेख दिसतो. त्यातले उंचवटे इक्वलायझरने खुशाल छाटावेत. खोल खड्डे भरायला जाऊ नये. तिथे थेट लाट आणि परतलेली लाट एकमेकींना खात असतात, वरून दिलेली जास्तीची ताकदही तशीच खाल्ली जाते आणि वूफर फुकट दमतो. तिथे खुर्ची किंवा सबवूफर वीतभर सरकवून पुन्हा मोजावं.