मातीच्या भिंतीत सिमेंट : एका वादाची पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातल्या कोरड्या भागांत जाड मातीच्या भिंती आणि दमट भागांत वारा खेळता ठेवणारी लाकूड-बांबूची घरे, ही विभागणी फार जुनी आहे. ती मोडायला सुरुवात झाली पत्रा आणि सिमेंट स्वस्त झाल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर तर घरेच आयात करण्याचे प्रयत्न झाले. 1949 ते 1951 या काळात फ्रान्समध्ये बनवलेली, सुट्या भागांतून जोडायची धातूची घरे पश्चिम व मध्य आफ्रिकेत, नियामे आणि ब्राझाव्हिलला पाठवली गेली. दुहेरी छप्पर, सावली, हवेला वाट हा त्यांचा हवामानाचा विचार पक्का होता, पण त्यांत स्थानिक असे साहित्यच नव्हते. योजना नमुन्यांपुढे सरकली नाही.

याच्या उलट दिशेने 1950च्या दशकात कोलंबियात माती दाबून विटा पाडण्याचे हातयंत्र तयार झाले. जागेवरची माती, थोडे पाणी आणि साधारण 5 ते 10 टक्के सिमेंट. भट्टीची गरज नाही. यंत्र जगभर गेले आणि त्याच्याबरोबर ते सिमेंटही. मातीत सिमेंट घालावे की नाही, हा खरा वाद इथूनच सुरू होतो.

सिमेंटच्या बाजूचे म्हणणे सरळ आहे : पावसात वीट विरघळत नाही, घरमालकाची दरवर्षीची लिंपण्याची मेहनत वाचते. हे खोटे नाही. मात्र सिमेंट वाळूमिश्रित मातीत चांगले काम करते. चिकणमाती जास्त असेल तिथे चुना बरा. एकच प्रमाण सगळीकडे लावले की वीट कमजोर होते आणि दोष मातीच्या माथी जातो. शिवाय सिमेंट घातलेली भिंत पाडल्यावर तिची माती पुन्हा कालवून वापरता येत नाही. जुन्या बांधकामांत पाण्यापासून बचाव भिंत करतच नव्हती. ते काम उंच जोते आणि लांब पागोळ्या, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडा, करत. पागोळ्या आखूड झाल्या म्हणून सिमेंट वाढले, असे मला ठामपणे वाटते.

1973 च्या तेलसंकटानंतर इंधन महागले आणि बिनभाजलेल्या मातीकडे पुन्हा लक्ष गेले. पुढे मातीच्या बांधकामाचे नियम लिहिले जाऊ लागले. त्यांपैकी अनेकांत वीट पाण्यात बुडवून मग दाबाखाली तपासतात. निव्वळ मातीची वीट या चाचणीत विरघळतेच, मग घराला पागोळी कितीही लांब असो.