ओला कचरा घरी जिरवा, गुण कमवा: कल्पना जुनी की नवी?

घरी ओल्या कचऱ्याचं खत करायचं, संकेतस्थळावर नोंद करायची, गुण जमवायचे आणि त्यांवर रोपं, कुंड्या नाहीतर दुकानातली सवलत घ्यायची. नागपुरातल्या गच्चीबागवाल्यांच्या गप्पांत ही कल्पना अधूनमधून निघते. त्यातली नोंदीची सोय नवी आहे. खताचं म्हणाल तर विदर्भाला त्यात नवं काहीच नाही.

इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण आणि माती थरांनी रचून खत करायची पद्धत बसवली. तीच पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते तेव्हा, १९३५ साली, त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून ती वाचकांपर्यंत पोहोचली. मग पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जाणारं ‘नाडेप’ टाकं तयार केलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, हवा खेळावी म्हणून विटांमध्ये भोकं सोडलेलं. दीड टनाच्या आसपास काडीकचऱ्याला शेण जेमतेम शंभर किलो लागायचं, आणि तीन-चार महिन्यांत खत हाती यायचं. ज्याच्याकडे एकच गाय आहे अशा शेतकऱ्याचा विचार करून काढलेली ही युक्ती होती. बक्षीस कुणी देत नव्हतं. खत शेतात पडत होतं, तेवढं पुरे होतं.

शहरात नेमका हाच धागा तुटला. जुन्या वाड्यांच्या मागे गोठा असायचा, उकिरडा असायचा. भाजीची देठं गुरांपुढे जायची आणि उरलंसुरलं उकिरड्यात कुजायचं. गोठे गेले, फ्लॅट आले. शिळी भाजी आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवल्या की काम संपलं, अशी सवय लागली. ‘इडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याबरोबर सगळी रोगराई गावाबाहेर धाडणारं हे शहर कचऱ्याच्या बाबतीत वर्षभर मारबतच काढतं म्हणा ना! फक्त ही मारबत भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन थांबते, आणि तिथेही माणसं राहतात.

गंमत अशी की देशातल्या शहरांचा कचरा मोजणारी संस्था नागपुरातच आहे. १९५८ साली सुरू झालेल्या आणि आता नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी २००४-०५ मध्ये ५९ शहरांच्या कचऱ्याची पाहणी केली होती. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा असतो, हे अशाच मोजण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नागपूरचा कचरा आज रोज हजार टनांच्या वर आहे. त्यातला ओला भाग ढिगाऱ्यात हवेविना दबला की मिथेन सुटतो, आणि उन्हाळ्यात कचरा डेपो पेटायला तेवढं कारण पुरतं.

कायदा उशिराच जागा झाला. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तिच्या रेट्यातून २००० साली कचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करण्याची जबाबदारी घरावर टाकली, रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना तो शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं आणि घरगुती खताला प्रोत्साहन देण्याचं काम पालिकांकडे दिलं. प्रोत्साहन म्हणजे नक्की काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

इथे पैशाचा हिशेब बघायला हवा. कचरा उचलण्याच्या ठेक्यांत पैसे सहसा टनामागे मोजले जातात. चार माणसांच्या घरातला अर्धा-एक किलो ओला कचरा गाडीत गेलाच नाही, तर तो उचलण्याचा, वाहण्याचा आणि पुढच्या प्रक्रियेचा खर्च पालिकेचा वाचतो. राबतं घर, आणि बचत दुसऱ्याच्या खात्यात. गुणांची योजना म्हणजे त्या बचतीतला वाटा घराला परत देणं. माझ्या मते ती मेहेरबानी नाही, मजुरी आहे.

गुण देण्याची अशीच तऱ्हा अमेरिकेत दिसली. तिथे २००० च्या दशकाच्या मध्यात ‘रिसायकलबँक’ नावाच्या कंपनीने कचऱ्याच्या पेट्यांना चिप लावल्या. गाडीवरच वजन व्हायचं, घराच्या नावे गुण पडायचे आणि त्यांवर दुकानांची कूपनं मिळायची. पण तिथे मोजला जात होता तो सुका कचरा. घरच्या खताचं दुखणं हेच की ते कुठल्याच गाडीच्या काट्यावर चढत नाही. जितकं काम चोख, तितकं मोजायला कमी! दक्षिण कोरियाने उलटी वाट धरली. तिथल्या अनेक वसाहतींत लोक कार्ड दाखवून उरलंसुरलं अन्न पेटीत टाकतात, पेटी वजन करते आणि किलोप्रमाणे पैसे लागतात. घरी जिरवणाऱ्याला बक्षीस द्यावंच लागत नाही, त्याचं बिलच कमी येतं. आपल्याकडे पुणे महापालिकेने मिळकतीच्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत दिली: गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी. पुढे कागदावरच उरलेल्या प्रकल्पांची सवलत काढून घ्यायची वेळ आली. तपासणीला माणूस नसेल तर सवलत चालू राहते आणि खताचा ड्रम कोरडा पडतो.

नागपुरात ड्रम कोरडा पडायला वेळही लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीवरचा ढीग दोन दिवसांत खडखडीत होतो आणि कुजणं थांबतं. गांडुळं तर ३५ अंशांपुढे तग धरत नाहीत. इथे ड्रम सावलीत हवा, वर ओलं गोणपाट हवं, आणि मुठीत दाबल्यावर ओल लागेल पण पाणी गळणार नाही इतपत दमटपणा हवा. पावसाळ्यात उलट तऱ्हा: तळाला काळं पाणी साचतं, वास सुटतो, शेजारचे बोलायला लागतात. तेव्हा वाळका पाला दुप्पट घालायचा. हिवाळ्यात संत्र्याच्या सालींचा ढीग पडतो. त्या बारीक चिरून, थोड्या-थोड्याच टाकायच्या, गांडुळांच्या पेटीत तर नकोच.

म्हणून नोंदणीच्या दिवशी काढलेल्या चकचकीत ड्रमच्या फोटोवर गुण देण्यात अर्थ नाही. तो जानेवारीत कुणीही काढेल. एखाद्या घरून ओला कचरा खरोखर यायचा थांबला का, हे रोज दारात येणाऱ्या घंटागाडीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. त्याची हजेरी संकेतस्थळाच्या नोंदीला जोडली आणि त्या कामाचे पैसे त्यालाही दिले, तर मे आणि जुलैतले गुण जास्त ठेवता येतील.