धडाविना उरलेली डोकी

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती अधूनमधून एक चमत्कारिक वस्तू लागते. हिरवट पडलेलं, मुठीत मावणारं एक डोकं. कुत्र्याचं की ड्रॅगनचं, ते सांगणं कठीण. कान मागे दुमडलेले, डोळे फुगीर, जबडा उघडा आणि जबड्यातून मानेपर्यंत आरपार भोक. हे भोक सगळं सांगून जातं. ही मूर्ती नव्हे, भांड्याची तोटी आहे. आपल्याकडच्या गोमुखाचं धाकटं भावंडच म्हणा ना.

१९९७ साली तिथे ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ सुरू झाली. सामान्य माणसांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची तिच्यात नोंद होते आणि ती संख्या केव्हाच दहा लाखांपुढे गेली आहे. त्या नोंदींत तोट्या आहेत, भांड्यांचे कान आहेत, पंजाच्या आकाराचे पाय आहेत. अख्खं भांडं मात्र क्वचितच. याचं कारण साधं आहे. भांड्याचं अंग पातळ. ते फुटलं की मोडीत जायचं आणि वितळून दुसरं काही व्हायचं. तोटी भरीव, जाड. ती तुटून पडायची, केरात जायची आणि केर शेणखताबरोबर शेतात. मातीत पातळ पत्रा कुजून जातो, जाड डोकं टिकतं.

ही तोटी कुठे बसायची? न्यूयॉर्कच्या ‘द क्लॉइस्टर्स’ संग्रहालयात १४२७ ते १४३२ च्या सुमाराचं मेरोद वेदीचित्र, म्हणजे वेदीवर ठेवायचं धार्मिक चित्र आहे, रॉबेर कांपँच्या चित्रशाळेतलं. त्यात खोलीच्या कोनाड्यात एक भांडं टांगलेलं दिसतं, शेजारी पंचा. हे हात धुण्याचं भांडं, लावाबो. जेवणाच्या पानावर काटा यायच्या आधीचा हा काळ. सगळे हातानेच जेवत, त्यामुळे घरात त्याला मान होता. त्याला दोन बाजूंना दोन तोट्या, बहुधा प्राण्यांच्या डोक्यांच्या, आणि कडी अडकवायला दोन कान. या कानांवर अनेकदा बाईचा चेहरा असे.

यातली खरी हुशारी मला कानांच्या जागेत दिसते. ते भांड्याच्या गुरुत्वमध्याच्या वर असतात. भांडं कलवलं की त्या बाजूच्या तोंडातून धार लागते. हात काढला की भांडं आपोआप सरळ होतं आणि धार थांबते. ना तोटीला चावी, ना झाकण.

ओतकामाकडे पाहिलं तरी असंच दिसतं. ही भांडी ओतीव. मातीचा गाभा, बाहेरून मातीचाच साचा, मधल्या पोकळीत वितळलेला तांब्याचा मिश्रधातू. अरुंद, वाकड्या तोटीत धातू पोचण्याआधीच गोठण्याची भीती, म्हणून ओतारी त्यात शिसं घालायचे. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ लाच. घन तांब्यात ते विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहतं, पण ओतताना रस पातळ ठेवतं. मग कान, जबडा, आयाळ असे बारकावे साच्यात नीट उतरतात.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते करायचं तर युरोपची अडचण वेगळीच होती. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे खनिजातून मोकळं होताच वाफ होऊन उडून जातं. राजस्थानात जावरला ती वाफ थंड करून धातू गोळा करायची भट्टी मध्ययुगातच चालू होती. आजच्या बेल्जियममधल्या म्यूज नदीकाठच्या दिनांसारख्या शहरांतले कारागीर मात्र तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा एकत्र बंद मुशीत तापवत. वाफ तांब्यातच मुरत असे. १४६६ साली बर्गंडीच्या सैन्याने दिनां लुटलं आणि तिथले कारागीर पांगले.

इंग्लंडमधली ओतीव स्वयंपाकाची भांडी याहून निराळ्या मिश्रणाची. त्यांत अनेकदा कथील थोडं आणि अँटिमनी, आर्सेनिक, शिसं जास्त आढळतं. म्हणजे धडाविना सापडलेलं डोकं कुठल्या भट्टीतलं असावं, याचा अंदाज त्याच्या मिश्रणावरून बांधता येतो.

त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्तीचं यंत्र वापरतात, म्हणजे वस्तूवर क्ष-किरण टाकून, तिच्यातून परत येणाऱ्या किरणांवरून त्यातले धातू ओळखतात. ते हातात धरता येतं, वस्तू तोडावी लागत नाही, पण किरण खोलवर जात नाहीत. पृष्ठभागाचा अगदी पातळ थरच वाचतात. आणि शेकडो वर्षं मातीत राहिलेल्या पितळाच्या वरच्या थरातून जस्त निघून गेलेलं असतं. त्यामुळे नुसती वरची हिरवी पुटं मोजली, तर जस्त प्रत्यक्षाहून कमी भरतं. तोटीच्या एखाद्या लपलेल्या कडेवर जराशी जागा खरवडून उघडी केली, तरच आकडा विश्वासाचा.