चूल एक की दोन? पेठांमधली माणसं मोजण्यामागची पार्श्वभूमी

पुण्याच्या पेठा रिकाम्या झाल्या, हे वाक्य गेली तीस वर्षं ऐकतोय. लग्नकार्यात, कट्ट्यावर, आता व्हॉट्सॲपवर पण. कोणी म्हणतं सगळे कोथरूडला गेले, कोणी म्हणतं मुलं अमेरिकेत आणि म्हातारे इथे. आणि त्याच वेळी सदाशिव पेठेत किंवा नव्या पेठेत संध्याकाळी सात वाजता रस्त्यावर उभं राहिलं तर पाय ठेवायला जागा नसते, मेसच्या बाहेर रांग, अभ्यासिकेच्या बाहेर शंभर चपला. मग रिकामं झालं म्हणजे नक्की काय रिकामं झालं? लोकसंख्या, कुटुंबं आणि घरं हे तीन वेगळे आकडे आहेत आणि पेठांमध्ये हे तिन्ही आकडे कधीच एकमेकांबरोबर चाललेले नाहीत, त्याचं मागचं सगळं इथे लिहितोय. पेठा कोणी वसवल्या, कुठल्या पेठेला कोणाचं नाव, ते सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. १८८५ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये शहराच्या अठरा पेठा धरून माहिती दिलीय, म्हणजे तेव्हा पेठ हेच मोजायचं एकक होतं. नंतर १८९७ चा प्लेग आला, घरं तपासली गेली, लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहिले, साथ वर्षानुवर्षं परत येत राहिली आणि ज्यांना जमलं ते डेक्कन आणि एरंडवण्याच्या बाजूला सरकले. पेठेतून बाहेर पडायची पहिली मोठी लाट तीच. १९३६-३७ च्या सुमारास शहरातल्याच एका अभ्याससंस्थेने घरोघरी जाऊन मोठी पाहणी केली, कुटुंबं किती माणसांची, खोल्या किती, भाडं किती, कामधंदा काय, सगळं. तेव्हा देशात अशा पाहण्या फार कमी होत होत्या. अहवाल छापून यायला मात्र १९४५ आणि १९५२ साल उजाडलं.

आता १९६१. जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाचे आकडे धरतात तो दिवस, होती १ मार्च १९६१. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे मधे साडेचार महिने सुद्धा नाहीत. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसब्याचा नदीकडचा भाग, इथल्या माणसांचे आणि घरांचे जे आकडे त्या वर्षी नोंदले गेले ते छापून येईपर्यंत त्यातले कितीतरी वाडे जमिनीवर नव्हतेच. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. माणसं आधी नातेवाइकांकडे, शाळांमध्ये, मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींमध्ये गेली. म्हणून १९६१ आणि १९७१ चे आकडे शेजारी ठेवून ‘दहा वर्षांत पेठेतून लोक कमी झाले’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही, ते दहा वर्षांत हळूहळू झालेलं नाहीये, त्यातलं बरंचसं एका दिवसात झालंय. आमच्या घरातली भांडी वाहून गेली त्यातलं एक तांब्याचं घंगाळ चार गल्ल्या सोडून सापडलं होतं, आजी ते शेवटपर्यंत वापरायची, एका बाजूला चेपलेलं.

आता मुख्य भानगड, ‘कुटुंब’ हा शब्द. बोलताना आपण कुटुंब म्हणतो तेव्हा नाती डोळ्यासमोर असतात. जनगणनेला नात्याशी देणंघेणं नाही. तिथे कुटुंब म्हणजे जी माणसं नेहमी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ती. थोडक्यात चूल. आपल्या भाषेत हे आधीपासून आहेच, भाऊ वेगळे झाले की आपण ‘वेगळी चूल मांडली’ म्हणतो, वाटणीचे कागद झाले असोत की नसोत. आणि ‘घर’ म्हणजे इमारत किंवा इमारतीचा असा भाग ज्याला रस्त्यावरून, चौकातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार आहे. आता ही व्याख्या वाड्याला लावून बघा. एका दिंडी दरवाजाच्या आत दोन चौक, वीस-बावीस बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार चौकात किंवा माडीच्या गॅलरीत उघडणारं, नळ सामायिक, संडास मागे परसात रांगेने, आणि पत्त्याला सगळ्यांचा मिळून एकच नंबर. मालमत्तेच्या नोंदीत ते एक घर, जनगणनेत ते बावीस घरं, आणि चुली मोजल्या तर कदाचित पंचवीस. तिन्ही आकडे खरे आहेत!

आपल्याकडे याला खरा शब्द होता बिऱ्हाड. बिऱ्हाडात माणसं, चूल आणि जागा तिन्ही एकदम येतात. ‘त्या वाड्यात किती बिऱ्हाडं?’ असं विचारलं की कोणीही पटकन सांगायचं. फॉर्मवर हा शब्द नाही, तिथे कुटुंब आहे, आणि त्यामुळे दरवेळी दारात उभं राहून भाषांतर करावं लागतं.

१९९१ चं मला चांगलं आठवतंय. आमचं बिऱ्हाड मागच्या चौकात दोन खणी, काकांचं पुढच्या बाजूला दोन खणी. (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, पेठेत खोली फुटात नाही, खणात सांगायचे.) चूल वेगळी होऊन सहा वर्षं झालेली. आजी मात्र वाटली गेली नव्हती, एक महिना आमच्याकडे, एक महिना काकांकडे जेवायची. मोजणीला एक शाळामास्तर आलेले, उन्हातून, हातात तो भला मोठा कागद, आईने पाणी दिलं. त्यांनी विचारलं, ‘वहिनी, आजींचं नाव कुठे घालू?’ आई काकूकडे बघायला लागली, काकू आईकडे. आजी ओसरीवरून म्हणाली, ‘मास्तर, दोन्हीकडे घाला की.’ ते म्हणाले आजी तसं नाही चालत हो, दोनदा मोजल्या जाल. मग आजी झोपते कुठे हे विचारून आमच्याकडे घातलं. ती आमच्याकडे झोपायची कारण आमच्या दारापासून संडास जवळ होता, एवढंच. तर आमचं कुटुंब सहा जणांचं झालं आणि काकांचं चारांचं. महिनाभर आधी विचारलं असतं आणि संडास पुढच्या चौकात असता तर उलट झालं असतं. मास्तरांचं काहीच चुकलं नाही, त्यांनी नियमाप्रमाणे आणि फार सभ्यपणे काम केलं. पण कुटुंबाचा सरासरी आकार वगैरे आकडा वाचताना मला कायम ती ओसरी दिसते.

खोल्यांचंही तसंच. राहण्याची खोली म्हणजे लांबी निदान दोन मीटर, रुंदी दीड मीटर, उंची दोन मीटर. नुसतं स्वयंपाकघर धरत नाहीत, पण जिथे स्वयंपाक होतो तिथेच रात्री झोपत असतील तर ती खोली धरतात. आमच्या दोन खणात रात्री ओट्यापाशी दोन गाद्या पडायच्या. म्हणजे कागदावर आमची ऐसपैस सोय होती.

हे सगळं इतकं गुंतायचं दुसरं कारण भाडेकायदा, आणि इथे माझी बाजू लपवत नाही, आम्ही भाडेकरू होतो. १९४७ चा कायदा १९४८ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला आणि प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने घेता येणारं भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. युद्ध, फाळणी, शहरात येणारी माणसं, जागा नाहीत, त्या काळात हा निर्णय योग्यच होता, नाहीतर कारकून, शिक्षक, छापखान्यातला कामगार अशी माणसं पेठेत राहिलीच नसती. पण पुढे पन्नास वर्षं ते भाडं तिथेच राहिलं. आमचं महिन्याला अकरा रुपये होतं. मालकाला कौलं फिरवायला सुद्धा त्यात पुरत नसणार हे मलाही कळतं, पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागायच्या, अजून लागतात.

त्यात १९७३ साल आलं. १ फेब्रुवारी १९७३ ला जो कोणी चालू लायसन्सवर (भाडेकरू म्हणून नाही, नुसत्या वापराच्या परवानगीवर) जागेत राहत होता तो कायद्याने भाडेकरू ठरला. तेव्हा राहणाऱ्यांना त्याने आधार मिळाला, हे आधी सांगतो. पण त्यानंतर पुण्यात मालकांनी रिकामी झालेली खोली परत द्यायचीच बंद केली, कुलूप लावलं, नंतर अकरा महिन्यांच्या कराराची सवय लागली ती आजपर्यंत. दुसरीकडे कायद्यात असंही होतं की भाडेकरू वारला तर त्याच्या शेवटच्या दिवसांत बरोबर राहणारा घरचा माणूस भाडेकरू होऊ शकतो. मग ‘कुटुंबात कोण’ या प्रश्नाला किंमत आली. धनकवडीला फ्लॅट घेऊन गेलेल्या मुलाचं नाव पेठेतल्या रेशनकार्डावर राहिलं, मतदार यादीत राहिलं, घरात एक कॉट आणि एक बंद ट्रंक राहिली. मोजणीला माणूस आला की म्हाताऱ्या बायका घाबरून सगळी नावं सांगायच्या. खरं तर १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ती माहिती गुप्त असते, कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, पण हे त्यांना कोणी नीट बसून सांगितलंच नाही. रॉकेलच्या कोट्यासाठी कार्डं वेगळी केलेली असायची आणि चूल एकच, किंवा गॅस दोन आणि कार्ड एक. म्हणजे रेशनकार्डावरून कुटुंबं मोजा, चुलीवरून मोजा, मतदार यादीवरून मोजा, एकाच वाड्यात तीन उत्तरं.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वात वरच्या कोर्टाने सांगितलं की हे गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू, त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ. अकरा रुपयांवर चार टक्के म्हणजे पंचेचाळीस पैसे सुद्धा नाहीत. तोवर वाडा पाडून इमारत बांधणं हाच एकमेव रस्ता उरला होता. भाडेकरूंना जागा, मालकाला काही फ्लॅट, बिल्डरला बाकीचे. जिथे प्लॉट अरुंद आणि दोन्हीकडे सामायिक भिंती, तिथे साइड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या बाजूची मोकळी जागा, सोडलं की बांधायला काही उरत नाही, म्हणून ते वाडे टेकू लावून तसेच उभे आहेत. आमचा वाडा पडला तेव्हा बावीस बिऱ्हाडांपैकी नवीन इमारतीत नऊ परत आली. बाकीच्यांनी पैसे घेतले. परत आलेल्या नवांपैकी आता तिथे स्वतः राहणारे तीन.

शहराचे आकडे मात्र फुगतच गेले. २००१ ला २५.३८ लाख, २०११ ला ३१.२४ लाख. पण १९९७ ला गावं आत आली, २०१७ ला अकरा, २०२१ ला आणखी तेवीस, त्यामुळे शहराची वाढ म्हणजे हद्दीची वाढ किती आणि माणसांची किती हे वेगळं काढावं लागतं. आणि पेठ तर मोजायचं एकक राहिलंच नाही. २०१२ ला दोन नगरसेवकांचे प्रभाग, २०१७ ला चारचे, एकेचाळीस प्रभाग, एकाच प्रभागात दोन-तीन पेठांचे तुकडे. सदाशिव पेठेची लोकसंख्या वाढली की कमी झाली असं कोणी ठामपणे सांगायला लागलं तर आधी विचारावं, हद्द कुठली धरली?

आता इमारतींमध्ये काय आहे ते बघा. कॉट बेसिस, म्हणजे खोली नाही, एक कॉट भाड्याने. हा शब्द पुण्यात चांगला जुना आहे, पण स्पर्धा परीक्षांची गर्दी वाढल्यापासून पेठेची अर्धी अर्थव्यवस्था त्यावर चालते. बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडची मुलं-मुली, एका फ्लॅटमध्ये सहा, आठ, कधी दहा कॉट, जेवण मेसमध्ये किंवा डब्याचं. चूलच नाही. नियमाने पाहिलं तर नात्यात नसलेली माणसं एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं जेवत असतील तर एक कुटुंब, वसतिगृहासारखी संस्था असेल तर संस्थात्मक कुटुंब, आणि प्रत्येकाचं जेवण वेगळं असेल तर प्रत्येक जण वेगळं कुटुंब. म्हणजे तोच फ्लॅट, तेच सहा जण, एकाने लिहिलं तर सहा माणसांचं एक कुटुंब, दुसऱ्याने लिहिलं तर एकेका माणसाची सहा कुटुंबं. एका कोपऱ्यावर चहापुरतं इंडक्शन ठेवलेलं असतं, त्याला चूल म्हणायचं का? मग वर्तमानपत्रात छापून येतं की पेठेत एकट्याने राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि आपण समजतो सगळे एकाकी म्हातारे आहेत. म्हातारे आहेतच, आमच्याच इमारतीत तीन जणी एकट्या राहतात, त्यांची काळजी वेगळी. पण दोन्ही एकाच रकान्यात जातात.

शिवाय ही मुलं बऱ्याचदा मोजलीच जात नाहीत. नियम असा की मोजणीच्या दिवसांत, २०११ ला ते ९ ते २८ फेब्रुवारी होते, जो पूर्ण वेळ घरी नाही त्याचं नाव गावच्या घरात धरायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा. प्रत्यक्षात आई-वडील गावाकडे मुलाचं नाव सांगतातच, कुठली आई मुलाचं नाव सोडेल? आणि इथे दिवसभर फ्लॅटला कुलूप, सगळे अभ्यासिकेत. घरयादीत, म्हणजे माणसं मोजायच्या आधी घरं नोंदवतात त्या फेरीत, तो फ्लॅट रिकामा. २०११ ला देशातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी नोंदली गेली, त्यातली खरी रिकामी किती आणि दुपारी बंद असलेली किती, हा प्रश्न मला पेठेत राहून पडतो. पाणी, ड्रेनेज, कचरा यांचं गणित याच आकड्यांवर होतं. सकाळी सहाला आमच्या इमारतीची टाकी पाऊण तासात रिकामी होते आणि शेवटची जनगणना २०११ ची.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता घरयादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असं ठरलंय. पेठेत मोजायला येणाऱ्यांना कॉट बेसिसबद्दल आधी नीट सांगायला हवं, आणि रात्री आठनंतर एक फेरी मारायला हवी, त्याआधी कोणी भेटणार नाही. परवा आमच्या वॉचमनना सहज विचारलं, काका, तिसऱ्या मजल्यावर किती जण आहेत हो? ते म्हणाले सोसायटीच्या वहीत एकच नाव आहे, मालकांचं, ते बाणेरला असतात. आणि राहतात किती? त्यांनी जिन्याखालच्या चपला बघितल्या आणि म्हणाले, आज नऊ.