फोलेट मापनासाठी रक्तनमुने

शरीरातले फोलेट (ब-९ जीवनसत्त्व) मोजण्यासाठी रक्त तीन प्रकारे वापरले जाते: शिरेतून काढून त्याचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पेशीविरहित द्रव) वेगळे करणे, शिरेतलेच अख्खे रक्त तांबड्या पेशींसह तपासणे, किंवा बोटाला टोचून आलेले थेंब घेणे. तिन्ही अहवालांवर नाव ‘फोलेट’ असते, पण आकड्यांचा अर्थ एक नसतो.

ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी १९३१ मध्ये मुंबईतील गरोदर स्त्रियांचा पंडुरोग (रक्तक्षय) यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवले, तेव्हा त्या अर्कातले हे द्रव्य, म्हणजे फोलेट, मोजण्याची सोयच नव्हती. अर्क दिल्यावर तांबड्या पेशी वाढतात का, एवढेच पाहता येई.

सीरम फोलेट अलीकडच्या आहारावर हलते. पालेभाजी-डाळीचे जेवण किंवा फॉलिक ॲसिडची गोळी झाली की ते वर जाते, म्हणून नमुना उपाशीपोटी घेतलेला बरा. तांबड्या पेशीत मात्र फोलेट शिरते ते ती अस्थिमज्जेत घडत असतानाच. पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे तिच्यातला साठा मागच्या तीन-चार महिन्यांचा हिशेब देतो. अमेरिकी डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा फरक स्वतःवरच तपासला. तीन-तीनदा उकळून फोलेट घालवलेले अन्न ते महिनोन्‌महिने खात राहिले. सीरमची पातळी तिसऱ्या आठवड्यातच घसरली, तांबड्या पेशींतली घसरायला सुमारे चार महिने लागले आणि रक्तक्षय त्यानंतर दिसला.

अर्भकाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्याच्या दृष्टीने म्हणूनच तांबड्या पेशींचा आकडा महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर (९०६ नॅनोमोल प्रति लिटर) ही पातळी सुचवली. ती लोकसमूहासाठी आहे. एखाद्या बाईच्या अहवालावरून तिच्या बाळाचे भाकीत करण्यासाठी नाही.

नमुना बिघडतो तो बहुधा यंत्राच्या आधीच. सीरमसाठी साधी किंवा जेलची नळी लागते, पेशींसाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या टोपणाची. तांबड्या पेशींत सीरमच्या कितीतरी पट फोलेट असते, त्यामुळे सुई नीट न लागून किंवा नळी जोरात हलवून थोड्या पेशी फुटल्या तरी सीरमचा आकडा खोटा फुगतो. अख्ख्या रक्ताचे काम वेगळे: १०० मायक्रोलिटर रक्त १ मिलिलिटर, एक टक्का ॲस्कॉर्बिक आम्लात मिसळतात. पेशी फुटतात, आम्ल फोलेटचे ऑक्सिडीकरण रोखते आणि प्लाझ्मातले (रक्तातल्या द्रवभागातले) विकर (एन्झाइम) फोलेटच्या लांब साखळ्या तोडते. हे मिश्रण उजेडापासून जपून गोठवावे लागते. शेवटी हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती) माहीत असल्याशिवाय पेशींचा आकडा काढता येत नाही, आणि गडबड होते ती बऱ्याचदा या हिशेबात.

बोटाच्या टोचणीत पहिला थेंब पुसून टाकतात. बोट पिळले तर ऊतींतला द्रव मिसळून रक्त पातळ होते. थेंब गाळणकागदावर वाळवला तर सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून सीरम वेगळे करणारे यंत्र) नसलेल्या गावातूनही नमुना नेता येतो, पण वाळलेल्या डागाचा हिमॅटोक्रिट कळत नाही, म्हणून फोलेट हिमोग्लोबिनच्या प्रमाणात मांडतात. दमट हवेत डाग नीट वाळला नाही की फोलेट झपाट्याने घटते. पाहणीसाठी हा मार्ग उपयोगी, एकेका रुग्णाच्या निदानासाठी कच्चा.

मोजणीची पद्धतही बघावी लागते. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू फोलेटशिवाय वाढत नाही. तो किती वाढला यावरून केलेली जुनी चाचणी आजही प्रमाण मानली जाते. स्वयंचलित यंत्रांचे आकडे तिच्याशी जुळतातच असे नाही, त्यामुळे एका पद्धतीची मर्यादारेषा दुसरीला लावणे चूक.

शाकाहारी समाजात आणखी एक पेच असतो. ब-१२ कमी असेल तर फोलेट पेशीत टिकत नाही: सीरममध्ये ते नेहमीइतके किंवा जास्त दिसते आणि पेशींत कमी. म्हणून ब-१२ न पाहता पेशींतले कमी फोलेट म्हणजे आहारातली कमतरता असे धरू नये. उलट बाजूही आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या अभ्यासात (२००८) चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना आढळले की गरोदरपणी पेशींतले फोलेट जास्त पण ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-प्रतिरोध (इन्शुलिनला शरीराने नीट दाद न देणे) सर्वाधिक होता.