जादुगोडा : युरेनियम प्रक्रिया आणि भोवतालच्या वस्त्या

जादुगोडा (जादुगुडा) : झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातील युरेनियमची खाण, प्रक्रिया कारखाना आणि त्यांच्याभोवतीचा गावांचा परिसर. जमशेदपूरच्या आग्नेयेस पंचवीस-एक किमी अंतरावर, साल वृक्षांच्या टेकड्यांमध्ये तो वसला आहे. आसपास मुख्यतः संथाळ, हो, मुंडा आणि भूमिज लोकांच्या वस्त्या आहेत. भारतात युरेनियम खणून ते कारखान्यात वेगळे काढायला सुरुवात इथूनच झाली. अशा उद्योगाच्या कुशीत राहणाऱ्या माणसांचे, गुराढोरांचे आणि पाण्याचे काय होते, हा प्रश्नही देशात सर्वांत जास्त काळ इथेच विचारला जात आहे.

येथील साठ्याचा शोध १९५१ मध्ये लागला. १९६७ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९६८ मध्ये प्रक्रिया कारखाना, म्हणजे स्थानिक भाषेत ‘मिल’, सुरू झाली. पुढे भाटीन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, मोहुलडीह या खाणी आणि बांदुहुरांगची उघडी खाण यांची भर पडली. तुरामडीहला दुसरी मिलही उभी राहिली.

दगडातून काय निघते आणि काय उरते

जादुगोड्याच्या खनिजात युरेनियमचे प्रमाण जेमतेम ०.०६ ते ०.०७ टक्के आहे. टनभर दगड दळला तर त्यात सहाशे-सातशे ग्रॅम युरेनियम असते. मिलची क्षमता दिवसाला सुमारे २,५०० टनांची. हिशेब सरळ आहे : एवढ्या दगडात दीड टनाच्या आसपास युरेनियम असते आणि बाकी सगळा दगड पिठासारखा होऊन मागे राहतो.

दगड आधी फोडतात, मग पाण्यात मैद्यासारखा बारीक दळतात. त्या लगद्यात सल्फ्युरिक आम्ल आणि मँगनीज डायऑक्साइड घालून युरेनियम विरघळवले जाते. हे द्रावण आयन-विनिमयाच्या, म्हणजे युरेनियम रेझिनच्या दाण्यांवर पकडून ठेवणाऱ्या, टाक्यांतून नेऊन त्यातले युरेनियम पिवळ्या साक्याच्या रूपात वेगळे करतात. हाच ‘यलोकेक’. तो पिंपांत भरून हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सकडे जातो आणि तिथे त्याचे इंधन बनते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या देशी युरेनियमवर चालतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या विजेचा एक धागा सिंहभूमच्या या टेकड्यांपर्यंत पोहोचतो.

युरेनियम काढून घेतले की उरलेला लगदा निरुपद्रवी होतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे, आणि या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. युरेनियम-२३८, म्हणजे खनिजातल्या युरेनियमचा मुख्य प्रकार, किरण सोडत बदलत जातो, पण एकदम स्थिर होत नाही. त्यातून थोरियम-२३०, रेडियम-२२६, रेडॉन वायू, पोलोनियम अशी मूलद्रव्यांची साखळी तयार होते आणि ती शेवटी शिशापाशी थांबते. मिल या साखळीतले फक्त युरेनियम उचलते, बाकीचे वारस लगद्यातच राहतात. मूळ खनिजातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता अशी मागे उरते. थोरियम-२३०चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे संपायला लागणारा काळ, सुमारे ७५ हजार वर्षे, रेडियम-२२६चे १,६०० वर्षे. जोडीला आम्लाचे क्षार, मँगनीज आणि दगडातले इतर धातूही असतात.

या लगद्यावर चुन्याची प्रक्रिया करून आम्लता मारतात. त्यातली जाडसर रेती खाणीच्या रिकाम्या पोकळ्या भरायला परत जाते आणि बारीक गाळ नळांतून टेकड्यांमधल्या बांध घातलेल्या तळ्यांत सोडला जातो. लोक त्यांना ‘टेलिंग पाँड’ म्हणतात. जादुगोड्याला अशी तीन तळी आहेत. ती डुंगरीडीह आणि चाटीकोचा या वस्त्यांच्या अगदी लगत आहेत. तिसऱ्या तळ्यासाठी १९९६ मध्ये चाटीकोचातली घरे बुलडोझर घालून पाडण्यात आली, आणि झारखंडी ऑर्गनायझेशन अगेन्स्ट रेडिएशन या स्थानिक संघटनेच्या आंदोलनाला त्यातून जोर आला. घनश्याम बिरुली हे तिचे सर्वपरिचित कार्यकर्ते.

विष माणसापर्यंत येण्याच्या वाटा

पावसाळ्यात तळ्यातला गाळ पाण्याखाली असतो. उन्हाळ्यात पाणी आटते, कडेचा राखाडी गाळ सुकून भेगाळतो आणि वारा सुटला की त्याची धूळ उडते. रेडॉन वायूही ओल्या गाळापेक्षा कोरड्या गाळातून जास्त सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर आत गेल्यावर त्यापासून बनणारे पोलोनियमचे कण फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि तिथेच अल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गाचे जड कण, सोडत राहतात. अल्फा कण त्वचेच्या बाहेरच अडतात, म्हणून खरा धोका ते शरीराच्या आत असताना असतो. युरेनियमच्या खाणीत राबणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो, याविषयी वैद्यकशास्त्रात आता वाद नाही. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांना जडणारा छातीचा आजार हा कर्करोगच आहे, हे १८७९ मध्येच दाखवून दिले गेले होते. तेव्हा रेडॉनचा शोधही लागलेला नव्हता.

दुसरी वाट पाण्याची. युरेनियम पोटात गेले तर त्याच्या किरणोत्सर्गाआधी त्याची रासायनिक विषारता त्रास देते आणि तिचा पहिला घाव मूत्रपिंडांवर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, तर भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ६० आहे. रेडियमचे वागणे कॅल्शियमसारखे असल्याने ते हाडांत जाऊन बसते.

बाकीच्या वाटा रोजच्या जगण्यातल्या आहेत, आणि त्याच जास्त काळजीच्या आहेत. अनेक वर्षे खाणकामगार अंगावरचे गणवेश तसेच घरी नेत. ते घरातल्या बायका हाताने धूत, बहुधा लेकरांच्या आंघोळीच्याच पाण्याकाठी. कामावर न गेलेल्या बाईच्या हाताला खाणीची धूळ लागायची ती अशी. तिची कोणत्याही हजेरीपटावर नोंद नव्हती आणि तिच्या गळ्यात किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा बिल्लाही नव्हता. खाणीतला टाकाऊ दगड रस्त्यांसाठी आणि घरांच्या बांधकामात वापरला गेला. तळ्याभोवतीचे कुंपण गुरांना आणि मुलांना फारसे अडवत नसे. क्योतो विद्यापीठाचे हिरोआकी कोइदे यांनी २००० नंतरच्या वर्षांत इथे मोजमाप केले, तेव्हा तळ्यांच्या परिसराबरोबरच, ज्या राखा माइन्स रेल्वे स्थानकातून यलोकेकची पिंपे रवाना होत, तिथेही प्रदूषण आढळले.

२४ डिसेंबर २००६ रोजी मिलमधून तळ्याकडे जाणारा नळ डुंगरीडीहजवळ फुटला. गाळ थेट ओढ्यात वाहू लागला आणि तो ओढा पुढे सुवर्णरेखा नदीला मिळतो. प्रवाह थांबवायला सुमारे नऊ तास लागल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. ओढ्यात मेलेले मासे आणि बेडूक पडले होते. ही गळती आधी लक्षात आली ती गावकऱ्यांच्या, आणि त्यांतली कित्येक कुटुंबे या तळ्यांसाठीच जमीन गमावून तिथे राहायला आलेली होती. २००८च्या पावसाळ्यात तुरामडीहचे तळे भरून वाहिले आणि गाळ तालसा गावात शिरला.

आरोग्याच्या पाहण्या

वांझपण, गर्भपात, जन्मजात व्यंगे, क्षय आणि कर्करोग यांच्या तक्रारी या गावांत १९९०च्या दशकापासून जोराने पुढे आल्या. सर्वांत जास्त उद्धृत होणारी पाहणी इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट या डॉक्टरांच्या संघटनेची आहे. ती २००७ मध्ये झाली. खाण-परिसरापासून अडीच किमीच्या आतील गावे आणि सुमारे ३० किमी दूरची, तशाच राहणीची गावे यांची तुलना तिने केली. जन्मजात व्यंगांचे प्रमाण जवळच्या गावांत ४.४९ टक्के, तर दूरच्या गावांत २.४९ टक्के आढळले. मूल न झालेल्या जोडप्यांचे प्रमाण अनुक्रमे ९.६० आणि ६.२७ टक्के होते.

हे आकडे वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. ही पाहणी घरोघर विचारपूस करून झाली. कोणाला किती किरणोत्सर्ग लागला याचे व्यक्तीगणिक मोजमाप तिच्यात नाही, त्यामुळे अमुक आजार अमुक गाळामुळेच झाला, असे तिच्यावरून ठरत नाही. पण म्हणून तो फरक नाहीसा होत नाही. दोन्हीकडे गरिबी सारखीच असताना व्यंगे जवळच्या गावांत जास्त का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर शोधायची जबाबदारी पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या गावकऱ्यांवर टाकता येत नाही.

कंपनीचे म्हणणे असे की मोजमापे नैसर्गिक पातळीच्या आसपासच आहेत, सिंहभूमच्या दगडातच मुळात किरणोत्सार अधिक आहे, आणि आजारांमागे कुपोषण, मलेरिया व अस्वच्छता आहे. यातला दगडाविषयीचा मुद्दा खरा आहे. पण शेकडो मीटर खोल घट्ट बसलेला खडक आणि तोच पीठ करून उघड्यावर पसरलेला गाळ यांत फार अंतर आहे. कुपोषणाने अशक्त झालेल्या शरीरावर दुसरा भार पडला तर तो कमी धरायचा की जास्त, हेही आधी सांगायला हवे.

मोजणारे कोण

जादुगोड्यात मोजमापे होतच नाहीत असे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिथे हवा, पाणी, माती तपासते. अडचण वेगळी आहे. खाण चालवणारी कंपनी आणि तिची तपासणी करणारे केंद्र, दोन्ही एकाच अणुऊर्जा विभागाची. १९८३ मध्ये स्थापन झालेले नियामक मंडळही त्याच व्यवस्थेला उत्तरदायी ठेवण्यात आले आणि त्याच्या स्वायत्ततेच्या अभावावर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२च्या अहवालात बोट ठेवले. १९६२च्या अणुऊर्जा कायद्याने माहितीभोवती गोपनीयतेची भिंत उभी केली होती. लोकांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची (शरीराला लागणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) मर्यादा कागदावर आहे, पण आपल्या विहिरीचा आकडा काय आला, हे विहिरीच्या मालकाला त्याच्या भाषेत सांगितले जात नसेल तर त्या मर्यादेचा त्याला काय उपयोग?

या परिसराविषयीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली. पुढे वृत्तपत्रांतली छायाचित्रे पाहून झारखंड उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि मुलांच्या प्रकृतीविषयी सरकारकडे विचारणा केली.

अन्यत्र

१६ जुलै १९७९ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात चर्च रॉक येथे अशाच तळ्याचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी आणि हजार टनांवर गाळ प्युएर्को नदीत गेला. नदीकाठी नवाहो लोक मेंढ्या पाळत. अमेरिकेने त्याआधीच, १९७८ मध्ये, युरेनियमच्या गाळासाठी स्वतंत्र कायदा केला होता. माती आणि दगडांचे आच्छादन शक्य तिथे हजार वर्षे, निदान दोनशे वर्षे टिकावे, असा दंडक त्याखाली ठरला.

आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यातील तुम्मलपल्ले येथे २०१२ पासून दुसऱ्या, अल्कलीवर आधारित पद्धतीने युरेनियम काढले जाते. तिथल्या गाळतळ्याशेजारच्या शेतकऱ्यांनी विहिरी आणि केळीच्या बागा बिघडल्याच्या तक्रारी केल्या आहेत. तेलंगणातल्या नल्लमला जंगलातील प्रस्तावित शोधकार्याला लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याच्या विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. मेघालयात डोमियासियाटच्या पठारावरचे युरेनियम अजून जमिनीखालीच आहे. खासी संघटनांनी अनेक दशके विरोध केल्याने तिथली खाण सुरू झालेली नाही.