बालकांचा शारीरिक तोल व समन्वय : जिम्नॅस्टिक्सच्या सोप्या कृती

शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, आधाराच्या क्षेत्रावर राखणे म्हणजे तोल, तर निरनिराळ्या अवयवांच्या हालचाली योग्य वेळी आणि योग्य तेवढ्याच जोराने घडवून आणणे म्हणजे समन्वय. ही दोन्ही कौशल्ये जिम्नॅस्टिक्सच्या प्राथमिक कृतींतून बालवयात उत्तम रीतीने घडतात. जर्मन व्यायामशिक्षक योहान गुट्समुथ्स यांनी १८ व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील श्नेपफेंटाल येथील शाळेत मुलांच्या व्यायामात तोल सांभाळण्याच्या कृतींना स्थान दिले होते.

एका पायावर उभ्या राहिलेल्या मुलाचा घोटा निरखून पाहिला, तर तो क्षणभरही स्वस्थ नसतो. ही थरथर हाच तोल सावरण्याचा व्यापार होय. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका डोक्याचे फिरणे टिपतात, डोळे सभोवारची खूण देतात, स्नायू व सांधे अवयवांची स्थिती कळवतात आणि या साऱ्यांचा मेळ घालून हालचाल नेमकी करण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. साधारणतः तीन वर्षांचे मूल एका पायावर एक-दोन क्षण, तर पाच वर्षांचे सुमारे १० सेकंद उभे राहते. लहान मुले डोळ्यांवर अधिक विसंबतात, म्हणून रेघेवरून चालताना नजर पावलांवर न ठेवता रेघेच्या टोकाशी ठेवण्यास शिकवावे.

स्पर्धेतील बॅलन्स बीम, म्हणजे तोल सांभाळत चालण्याची अरुंद तुळई, ५ मी. लांब, १० सेंमी. रुंद व जमिनीपासून १.२५ मी. उंच असते. तेवढ्याच रुंदीचा पट्टा जमिनीवर आखला, की पडण्याची भीती जाते आणि मूल टाचेला अंगठा लावत पुढे, मग आडवे, मग मागे चालून पाहते. या वेळी मोठ्यांनी हात जवळ ठेवावा, पण मुलाचा हात धरू नये. हात धरला, की हात धरणाराच तोल सांभाळतो आणि मुलाच्या शरीराला स्वतःला सावरण्याची संधीच मिळत नाही.

समन्वयासाठी अस्वलचाल विशेष उपयुक्त आहे. गुडघे न टेकता हातापायांवर चालताना उजवा हात आणि डावा पाय एकत्र पुढे जावा लागतो; घाईत मूल एकाच बाजूचे हातपाय उचलते, म्हणून ही चाल सावकाश करवून घ्यावी.

लोळण व कोलांटी उडीने अंतर्कर्णाला चालना मिळते. मात्र गरगरू लागताच थांबावे. कोलांटीत हनुवटी छातीशी, भार हातांवर व नंतर पाठीच्या वरच्या भागावर असावा; डोके व मान यांवर तो कधीही येऊ देऊ नये. गादीच्या किंचित उतारावरून सुरुवात केल्यास हे सोपे जाते. उडीनंतर गुडघे वाकवून, चवड्यांवरून टाचांवर हलकेच उतरणे प्रत्येक मुलाला सर्वांत आधी शिकवले पाहिजे.

पुरेशी संधी मिळूनही वयाच्या मानाने मूल वारंवार पडत असेल, किंवा पूर्वी जमणारी हालचाल त्याला जमेनाशी झाली असेल, तर सराव वाढवण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.